आकार नसलेली जमीन : मराठी निसर्गलेखन आणि पेण-रोह्याचा पोटखराबा

सातबाराच्या उताऱ्यावर ‘पोटखराबा’ नावाची एक नोंद असते. एखाद्या जमिनीतील जेवढा भाग लागवडीस अयोग्य ठरला, तेवढ्याचे क्षेत्र तेथे लिहिलेले असते. त्याचे दोन वर्ग आहेत. मोजणीच्या वेळी शेतीला निरुपयोगी ठरलेली जागा, खळे, शेतघर ही ‘अ’ वर्गात येतात. रस्ता, पायवाट, ओढा, तळे, स्मशान किंवा दफनभूमी अशी सार्वजनिक कारणासाठी सोडलेली जागा ‘ब’ वर्गात येते. दोहोंवर सारा बसविलेला नसतो. महसुली भाषेत साऱ्याच्या रकमेला ‘आकार’ म्हणतात. म्हणजे पोटखराब्याला क्षेत्र आहे, परंतु आकार नाही.

प्रस्तुत लेखाचा विषय महसूल नसून मराठी निसर्गलेखन आहे. तथापि या लेखनाविषयी आमची जी तक्रार आहे ती मांडण्यास याहून नेमका शब्द आम्हांस सापडला नाही. पडक्या भिंतीच्या भेगेत, गटाराच्या काठी, रेल्वेच्या खडीत, फुटलेल्या बांधाच्या आत, जुन्या दफनभूमीच्या कुंपणाला लागून जो निसर्ग कोणी न लावता आणि न जपता टिकून राहिला आहे, त्याचे अस्तित्व आमच्या साहित्याला ठाऊक आहे. त्याचे क्षेत्र नोंदलेले आहे. त्याला आकार मात्र कोणी दिलेला नाही.

कसोटीसाठी आम्ही रायगड जिल्ह्यातील पेण आणि रोहा ही तालुक्याची गावे घेतो. मुंबईचे उदाहरण घेतले तर ‘महानगराची गोष्टच निराळी’ असे म्हणून वाचक ते बाजूला सारतील. खेड्याचे घेतले तर रान आणि वस्ती यांची सरमिसळ इतकी असते की दुर्लक्षित कोपरा वेगळा काढता येत नाही. पेण व रोहा या दोन्ही ठिकाणी नगरपरिषद आहे, रेल्वे आहे, भरलेली बाजारपेठ आहे. आणि तरीही शहर कोठे संपते व सातबारा कोठे सुरू होतो हे सांगणे कठीण आहे. पेणमधून भोगावती वाहते. तिच्या खालच्या अंगाला खाडी, मिठागरे आणि बांध घालून समुद्राकडून मिळविलेली खारेपाटातील भातशेती. रोहा आणि अष्टमी ही कुंडलिकेच्या दोन तीरांवरची जोडगावे. त्यांच्या वरच्या अंगाला धाटावची रासायनिक कारखान्यांची वसाहत, आणि गावाला लागूनच ते स्थानक जेथून कोकण रेल्वेचा मार्ग सुरू होतो.

अशा गावांच्या पोटखराब्यात काय वाढते ते पाहू गेल्यास यादी लांबत जाते. जुन्या भिंतींवर पक्ष्यांनी टाकलेल्या बीजातून उगवलेले पिंपळ आणि उंबर, सांडपाण्याच्या ओलीवर माका, उकिरड्यावर धोतरा आणि एरंड, पडीक जागेत रुई व तिच्या पानांवर वाढणारी बिबळ्या कडवा या फुलपाखराची अळी. नदीच्या उभ्या दरडीत बीळ करून राहणारा खंड्या, ओस इमारतीच्या माळ्यावर गव्हाणी घुबड, झुडपांत मुंगूस आणि भारद्वाज. खाडीकडे तिवरांच्या मुळांत चिंबोरी आणि चिखलावर उड्या मारणारी निवटी. या सगळ्यांना आमच्या भाषेत नावे आहेत ही गोष्ट महत्त्वाची. बोलणाऱ्यांनी त्यांना पाहिले होते, म्हणूनच ती नावे पडली. लिहिणाऱ्यांनी काय केले, हा आमचा प्रश्न आहे.

आधुनिक मराठी निसर्गलेखनाचे घर, ढोबळ मानाने, दोन खोल्यांचे आहे. एका खोलीत रान आहे. मारुती चितमपल्ली (१९३२–२०२५) यांनी वनखात्यातील आयुष्याच्या बळावर ती खोली उभी केली. त्यांनी मराठीला केवळ पुस्तके दिली नाहीत, शब्दही दिले. बगळ्या-करकोच्यांच्या वीणवसाहतीला ‘सारंगागार’ म्हणायला आम्ही त्यांच्याकडून शिकलो. व्यंकटेश माडगूळकर यांचे ‘नागझिरा’ आणि वानरांच्या टोळ्यांतील सत्तासंघर्ष सांगणारे ‘सत्तांतर’ याच खोलीतले. दुसऱ्या खोलीत बाग आहे, मळा आहे, परसदार आहे. उत्तर कोकणातील ख्रिस्ती लेखकांचे लेखनही बहुधा याच खोलीत वावरते. वसईची वाडी, तिच्यातील केळी, पानवेली, रहाटाची विहीर यांवर आमच्या समाजाने मनापासून लिहिले. ते लेखन मोलाचे आहे; परंतु त्यातील हिरवळ माणसाने लावलेली आणि माणसाने शिंपलेली आहे.

दुर्गाबाई भागवत यांचे ‘ऋतुचक्र’ (१९५६) हे या दोन खोल्यांमधली भिंत पाडू शकले असते. मुंबईत राहणाऱ्या लेखिकेचे ते पुस्तक, आणि झाडापानांतील महिन्यामहिन्याचा पालट टिपणारी तशी दृष्टी मराठीत त्याआधी क्वचितच दिसते. मात्र पुस्तकाची चौकट काळाची आहे, जागेची नाही. चैत्र कोणत्या भिंतीवर उतरला आणि ती भिंत कोणाच्या मालकीची होती, हे विचारण्याची गरज त्या चौकटीला पडत नाही. पुढे डॉ. शरदिनी डहाणूकर यांनी मुंबईत राहून झाडाफुलांवर प्रेमाने लिहिले, तेव्हा शहर चौकटीत आले. पण मान वर करून पाहावा असा वृक्षच प्रामुख्याने आला. पायाखालचे तण तसेच राहिले.

याहून मागे गेलो तरी चित्र फारसे बदलत नाही. रेव्हरंड ना. वा. टिळकांची ‘वनवासी फूल’ ही दीर्घ कविता आमच्या वाचकांना परिचित आहे. नामांकित बागेकडे पाठ फिरवून कवी अनामिक रानफुलाकडे वळला, ही त्या काळी क्रांतीच होती. तरीही फूल थोर ठरण्यासाठी त्याला वनवास घडावा लागला. नगरपालिकेच्या नाल्याशी तेच फूल फुलले असते, तर त्याच्याशी संवाद करण्यास मराठी कविता थांबली असती काय? आम्हांस शंका आहे.

आमच्या कादंबरीत पडीक जागा येतच नाही, असे मात्र नाही. ती येते, पण शोकाचे चिन्ह म्हणून. गो. नी. दांडेकरांची ‘पडघवली’ (१९५५) ही कोकणातले एक गाव मोडत जाण्याची कथा आहे. अशा कथांत अंगणात माजलेले गवत आणि चौथऱ्यावर उगवलेला पिंपळ यांचा अर्थ एकच असतो : माणसे गेली. कुंडलिका जेथे समुद्राला मिळते तेथे एका तीरावर कोर्लई आणि दुसऱ्या तीरावर रेवदंडा आहे. रेवदंड्याचा कोट म्हणजे पोर्तुगीजांचे तटबंद शहर. १७४० मध्ये ते मराठ्यांच्या हाती आले, आणि आज त्या तटाच्या आत माडांच्या वाड्या व चर्चच्या पडक्या भिंती एकमेकींच्या आधाराने उभ्या आहेत. तेथे जाणारा आमचा लेखक वैभवाच्या आठवणीने हळहळतो. हळहळ खोटी नाही. पण त्या भिंतींना घट्ट धरून राहिलेल्या मुळांना स्वतःचाही काही इतिहास आहे, आणि तो पावणेतीनशे वर्षांहून अधिक काळ अखंड चालू आहे, ही बाजू त्या हळहळीत बुडून जाते.

या उपेक्षेचे एक लक्षणीय उदाहरण पेणमध्येच आहे. पेण हे गणेशमूर्तींचे गाव म्हणून सर्वदूर प्रसिद्ध आहे. मूर्तीला लागणारी शाडूची माती बहुतांशी गुजरातेतून येते. परंतु त्या मूर्तीपुढे वाहावयाच्या एकवीस पत्रींची यादी वाचकांनी एकदा वनस्पतींच्या दृष्टीने वाचून पाहावी. तीत डाळिंब आणि जाई यांसारखी बागेतली झाडे आहेत, देवदारासारखे दूरच्या डोंगरावरचे झाडही आहे. पण दूर्वा, आघाडा, धोतरा, रुई, माका, डोरली ही नावे कोठून आली? ती कुंपणाच्या कडेची, उकिरड्याची, ओढ्याच्या काठची आहेत. ज्याला कोणी पाणी घालत नाही असे तण या परंपरेने वर्षातून एकदा देव्हाऱ्यापर्यंत नेले. गौरीच्या सणाला कोकणात तेरड्याची गौर आणतात, तिची गोष्टही तीच. आमचा समाज ही पूजा करीत नाही. परंतु शेजाऱ्याच्या घरात जे ज्ञान पिढ्यान्‌पिढ्या जपले गेले त्याची किंमत कळण्यास पूजा करावी लागत नाही. मराठीत गणेशोत्सवावर लिहिले गेले ते मूर्तीवर, आराशीवर, मंडळांच्या राजकारणावर. पत्री जेथे उगवते त्या जागेवर लिहिलेले फार थोडे आढळते.

आणखी एक वाचन आहे, जे साहित्याच्या बाहेर राहिले. पहिल्या पावसानंतर पेणच्या आणि रोह्याच्या बाजारात कातकरी व ठाकूर समाजाच्या स्त्रिया टाकळा, कुर्डू, शेवळे, भारंगी घेऊन बसतात. यांपैकी शेवळे, भारंगी रानातून येतात. पण टाकळा आणि कुर्डू रस्त्याच्या कडेला, पडीक तुकड्यांत, कोणाचेच नसलेल्या जागी उगवतात. ज्याला आम्ही दुर्लक्षित म्हणतो त्याकडे या स्त्रियांनी कधीच दुर्लक्ष केले नव्हते. तेव्हा ‘दुर्लक्षित’ हा शब्दच तपासून घ्यावा लागतो. कोणाचे लक्ष गेले नाही म्हणजे जागा दुर्लक्षित ठरते? समीक्षेने हा प्रश्न लेखकाला विचारला पाहिजे, कारण निसर्गलेखनातील ‘आपण’ हा बहुधा बाजारात भाजी विकत घेणारा असतो, खुडणारा नसतो.

आकार देणे म्हणजे काय, हे समजण्यास सुगरण पक्ष्याचे उदाहरण उपयोगी पडते. बहिणाबाई चौधरी यांनी सुगरणीच्या खोप्यावर रचलेले गाणे, १९५२ साली त्यांची गाणी पुस्तकरूपाने आल्यापासून, मराठी मुलांच्या तोंडी आहे. त्यात पिलांसाठी घर बांधणारी आई आहे. इकडे आमच्याच जिल्ह्यात, अलिबागजवळच्या किहीम येथे, १९३० च्या पावसाळ्यात सालिम अली यांनी सुगरणींच्या वसाहतीचे निरीक्षण केले आणि १९३१ मध्ये ते प्रसिद्ध केले. घरटे नर विणतो. ते अर्धे झाल्यावर मादी येऊन पारखते. पसंत पडले तर नर ते पुरे करतो आणि पुन्हा दुसऱ्या मादीसाठी दुसरे घरटे विणायला घेतो. बहिणाबाईंचे चुकले आणि शास्त्रज्ञाचे बरोबर, असा निवाडा आम्ही करीत नाही. बहिणाबाईंनी खोप्याला आकार दिला म्हणून तो आमच्या मनात राहिला. सालिम अलींनी तो काय आहे हे सांगितले. खंत इतकीच की या दोन नजरा मराठीत एका लेखणीत क्वचित आल्या. त्या एका माणसात येऊ शकतात हे रोह्याने पाहिले आहे. ज्यांचे घराणे रोह्याचे, ते चिंतामणराव देशमुख केंब्रिजला वनस्पतिशास्त्राचे पारितोषिक मिळविणारे विद्यार्थी होते, आणि ‘मेघदूत’ मराठीत आणणारे रसिकही होते.

ज्या एका मराठी कवीने पोटखराब्याकडे सरळ पाहिले, तो अरुण कोलटकर. ‘जेजुरी’ (१९७६) मध्ये एका पडझड झालेल्या मारुतीच्या देवळात कुत्रीने पिलांसह आसरा घेतल्याची कविता आहे. तीत हळहळ नाही, उपहासही नाही. देऊळ कोणाच्या तरी उपयोगी पडत राहिले आहे, एवढेच कवी पाहतो. २००४ च्या ‘काळा घोडा पोएम्स’ या संग्रहात तर मुंबईच्या रहदारीमधला एक त्रिकोणी तुकडा हेच एका कुत्र्याचे राज्य होते. मात्र ही दोन्ही पुस्तके मूळ इंग्रजीत आहेत. जो कवी मराठीतही तितक्याच ताकदीने लिहीत होता, त्याला ही दृष्टी आधी इंग्रजीत मांडावीशी वाटली, यावर आमच्या समीक्षेने विचार करावयास हवा.

जगात अन्यत्र या विषयाला स्वतंत्र वाट मिळाली आहे. रिचर्ड मेबी यांचे ‘द अनऑफिशियल कंट्रीसाइड’ हे पुस्तक १९७३ मध्ये निघाले. लंडनच्या आसपासचे कालवे, खडीच्या खाणी, कचऱ्याचे ढीग हा त्याचा प्रदेश. फ्रेंच उद्यानरचनाकार जिल क्लेमाँ यांनी २००४ मध्ये अशा जागांना ‘तिसरा भूप्रदेश’ असे नाव दिले. राज्यक्रांतीच्या काळातील, संख्येने मोठ्या पण अधिकाराने शून्य अशा ‘तिसऱ्या वर्गा’वरून त्यांना ते सुचले. आम्हांस मात्र नाव बाहेरून आणण्याची आवश्यकता नाही. तलाठ्याच्या दप्तरात ते केव्हाचेच आहे.

येथे एक सावधगिरी सांगितली पाहिजे. दुर्लक्षित जागेतील निसर्ग म्हणजे मूळचा, निर्मळ निसर्ग, असा समज करून घेणे चुकीचे ठरेल. रोह्याची कुंडलिकाच पाहा. मुळशीच्या धरणात अडविलेले मुळा नदीचे पाणी १९२७ पासून भिऱ्याच्या वीजघरात उतरते आणि वीज करून झाल्यावर कुंडलिकेत सोडले जाते. जे पाणी एरव्ही भीमेतून कृष्णेला मिळून पूर्वसमुद्राला गेले असते, ते रोह्यावरून पश्चिमसमुद्राला जाते. कोकणच्या इतर नद्या उन्हाळ्यात कोरड्या पडत असता कुंडलिकेचा काठ ओला राहतो, त्याच्या मागे हे यंत्र आहे. आणि त्या यंत्राच्या मागे ज्यांच्या जमिनी धरणाखाली गेल्या त्या मावळातल्या शेतकऱ्यांचा १९२१ चा सत्याग्रह आहे. पडीक जागा व्यापणारी घाणेरी आणि रानमोडी या दोन्ही वनस्पती मूळच्या अमेरिका खंडातल्या. लोकांनी त्यांना दिलेली नावेच त्यांच्याविषयीचे मत सांगतात. शिवाय जेथे तण माजते तेथे प्लास्टिक साठते, डास होतात, साप निघतो. त्या शेजारी राहणाऱ्या गरिबाला हा निसर्ग रम्य वाटण्याचे कारण नाही. दुर्लक्ष म्हणजे रक्षण नव्हे. या जागेवर प्रामाणिकपणे लिहावयाचे तर हे सारे लिहावे लागेल, आणि म्हणूनच रान व बाग यांच्यापेक्षा ही जागा लेखकाची अधिक कठीण परीक्षा घेते.

हा केवळ साहित्यिक रुचीचा वाद असता तर आम्ही त्यासाठी इतकी पाने खर्च केली नसती. २०२४ मध्ये उरण, पनवेल आणि पेण तालुक्यांतील १२४ गावांच्या क्षेत्रात नवे नगर वसविण्यासाठी मुंबई महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाची नियुक्ती झाली. त्याच वर्षी शिवडी आणि न्हावा शेवा यांना जोडणारा सागरी सेतू खुला झाला. महानगर पेणच्या उंबरठ्यावर आले आहे. नगररचनेच्या नकाशावर शेतीला मोबदला आहे, रानाला कायदा आहे, बागेला आरक्षण आहे. ज्याला आकार नाही ती जागा नकाशावर ‘रिकामी’ दिसते आणि सर्वांआधी भरून टाकली जाते.

आकार मिळाल्याने काय घडते, याचा पुरावाही याच खाडीत आहे. तिवर आणि कांदळ यांचे वन दीर्घकाळ चिखलातली निरुपयोगी झाडी मानले जाई. खारेपाटात बांध फुटून भातशेतीत खारे पाणी शिरले की तेथे तिवरे उगवत, म्हणून शेतकऱ्याच्या लेखी ते नुकसानीचेच चिन्ह होते. मुंबई उच्च न्यायालयाने २००५ चा आदेश आणि २०१८ चा निकाल यांद्वारे कांदळवनांच्या तोडीस व त्यांवरील भरावास प्रतिबंध केला. २०२० मध्ये राज्याने पांढरी चिप्पी हा आपला राज्य-कांदळवृक्ष म्हणून घोषित केला. वृक्ष तोच होता, चिखलही तोच होता. फरक पडला तो कोणीतरी त्याला ओळखले, त्याचे नाव घेतले आणि ते आग्रहाने मांडले म्हणून. हे काम अभ्यासकांनी आणि वकिलांनी केले. साहित्य तेथे उशिरा पोहोचले.

असिसीकर संत फ्रान्सिस यांच्या चरित्रात एक लहानसा तपशील येतो. पोप फ्रान्सिस यांनी २०१५ च्या ‘लाउदातो सी’ या परिपत्रकातही त्याचा निर्देश केला आहे. मठाच्या बागेतील काही भाग कधीच न कसता तसाच ठेवावा, म्हणजे तेथे रानफुले व रानवनस्पती आपोआप वाढतील, अशी त्यांची सूचना होती. येथे रान आणि बाग यांच्यामधली तिसरी जागा प्रथमच जाणीवपूर्वक सोडलेली दिसते : बागेच्या हद्दीत, परंतु माळ्याच्या हाताबाहेर. ती विसरलेली जागा नव्हती. तिच्याकडे लक्ष होते, म्हणूनच तिच्यावर कुदळ चालली नाही.

मराठी लेखकाकडून आमची मागणी अशाच लक्षाची आहे. पेणच्या मूर्तिशाळेमागचा आघाडा कोणत्या महिन्यात फुलतो, अष्टमीच्या बाजूच्या दरडीत खंड्याची बिळे किती, रोह्याच्या रुळांमधल्या खडीत पावसाळ्याच्या शेवटी काय उरते, टाकळा खुडणारी बाई कोणत्या जागा टाळते आणि का टाळते, हे मराठीत लिहिलेले आम्हांस वाचावयाचे आहे. त्यासाठी अरण्यात मुक्काम करावा लागत नाही, की वनखात्याची नोकरी लागत नाही. आमच्या नियतकालिकांच्या संपादकांनी असे लेखन ‘किरकोळ विषय’ म्हणून परत पाठवू नये; समीक्षकांनी त्याला ललित म्हणावे की माहितीपर, या वर्गवारीत ते अडकवू नये. तलाठ्याने क्षेत्र लिहून ठेवले आहे. पुढचा रकाना अजून कोरा आहे.